रपट्यावरचं पाणी

नागपुरात टॅक्सी चालवायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. पावसाळ्यात आठवडाभर विमानतळ आणि दवाखान्याच्या फेऱ्या असतात, शनिवार-रविवार मात्र धबधब्यांचे. लोक फोनवर विचारतात, धबधब्याला पाणी आहे का? वाटेतल्या रपट्यांबद्दल, म्हणजे नाल्यांवरच्या ठेंगण्या पुलांबद्दल, कोणी विचारत नाही.

त्या रविवारी मानेवाड्याचं कुटुंब होतं. नवरा-बायको, दोन मुली आणि आजी. सहाला निघालो. सावनेरला तर्री-पोहे झाले, सौंसरकडे संत्र्याच्या बागा लागल्या, मग रामाकोन्याला कन्हानचा पूल आला. पूल ओलांडून गाडी कडेला घेतली. पाणी मातकट होतं, पण पात्रातच होतं. मोठ्या मुलीला म्हटलं, "हीच नदी खाली कामठीजवळ पेंचला भेटते. हिचं पाणी आपल्या नागपूरच्या नळाला येतं." तिनं आजीचा हात धरला आणि दोघी किती तरी वेळ नदीकडे बघत उभ्या राहिल्या. अशी सवारी मिळाली की मलाही दिवसभर थकवा येत नाही.

पुढे सिल्लेवानीचा घाट. इथून नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज जायची, 2015 साली ती बंद झाली. तिच्या खिडकीतून मी पहिल्यांदा हे डोंगर पाहिले होते. कुकडीखापाचा धबधबा भरून कोसळत होता. मुली तुषारांत भिजल्या, आजीनं ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं.

दोनच्या सुमारास वरच्या अंगाला आभाळ काळं झालं. आमच्या डोक्यावर थेंब नव्हता. मी निघायला सांगितलं. "काकाजी, अर्धा तास" म्हणता म्हणता दीड तास गेला.

सकाळी ज्या रपट्यावर चाकंही ओली झाली नव्हती, त्यावरून आता नाला वाहत होता. दोन्ही कडांना चुन्यानं रंगवलेले दगड होते. सकाळी पलीकडचे सात मोजता येत होते, आता तिघांचेच माथे दिसत होते. पाण्यातून पाला, काटक्या, अख्खी फांदी येत होती. असा कचरा यायला लागला की पूर अजून चढतोय असं समजायचं. मी पाण्याच्या काठाशी एक दगड ठेवला. दहा मिनिटांत तो बुडाला.

तेवढ्यात एक जीप आमच्या बाजूनं घुसली आणि पार झाली. साहेब म्हणाले, "ती गेली ना? मग आपण काऊन थांबायचं? सकाळी मला ऑफिस आहे."

मी किल्ली काढून शर्टाच्या खिशात टाकली. दोन फूट वाहतं पाणी भरलेली गाडीही उचलतं. चाकांची पकड सुटली की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी पाण्याच्या मर्जीनं जाते. आणि गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही, हे कोणालाच दिसत नाही. 2022 च्या जुलैत आपल्या सावनेर तालुक्यातच पुलावरच्या पुरात माणसांनी भरलेली स्कॉर्पिओ वाहून गेली. ते सगळं मी त्यांना सांगितलं. ते भाडं कापायचं म्हणाले. म्हटलं, "कापा. पण पाच माणसं घेऊन मी यात उतरणार नाही."

त्यानंतर तास-दीड तास ते माझ्याशी बोलले नाहीत. शेतातल्या झोपडीतल्या एका बुवांनी आजीला खाट दिली, सगळ्यांना चहा केला.

साडेसातला सातही दगड उघडे पडले. पाणी घोट्याखाली आल्यावर मी बुवांची काठी घेऊन पायी निघालो, साहेब मागून मोबाइलचा टॉर्च धरून. पाऊल टाकायच्या आधी काठी टेकवायची, असं करत अर्ध्यावर पोचलो आणि काठी खाली जातच राहिली. कोपर बुडेपर्यंत गेली. खालच्या अंगाचा काँक्रीटचा थर खचून गेला होता, बरोबर चाकाच्या रेषेत. जीप त्याच्या आधी गेली की कडेनं निसटली, देव जाणे.

टॉर्चचा उजेड त्या खड्ड्यावर थांबला. साहेब काही बोलले नाहीत.

बुवा म्हणाले, मागच्या गावावरून फेरा आहे, रात्र होईल पण रस्ता पक्का आहे. निघण्याआधी आम्ही बाभळीच्या फांद्या तोडून रस्त्यावर आडव्या टाकल्या. साहेब हातांनी ओढत होते, काटे लागत होते तरी. शेवटची फांदी टाकतोय तोच मागून एक मोटरसायकल आली. मी काही म्हणायच्या आत ते धावत गेले, दोन्ही हात पसरून आडवे उभे राहिले.

"थांबा भाऊ, थांबा. पुढे रस्ता नाही."