इतक्या लांब जाऊन पिझ्झाच का? तुम्ही विचारलंत म्हणून

ट्रिपहून आलो, फोटो दाखवायला बसलो की कुणीतरी विचारतंच, "अगं एवढ्या लांब गेलात आणि तिथेही पिझ्झाच खाल्लात?" नणंद विचारते, ऑफिसमध्ये विचारतात. मी दरवेळी "लेकीला आवडतो" म्हणून विषय बदलते आणि ते खरं नाहीये, तिला पिझ्झाचा कंटाळा आलाय. म्हणून एकदाच नीट लिहिते.

तिला काजू-पिस्त्याची अ‍ॅलर्जी आहे हे तुम्हाला माहितीये, ते परत सांगत नाही. पण ते माहीत असूनही तुम्ही म्हणता, "मग काजू नसलेलं काहीतरी मागवायचं ना." सगळं इथेच अडतं.

ती सहा वर्षांची होती, ट्रिपचा तिसरा दिवस. हॉटेल मीच हट्टाने शोधलेलं, कारण तेव्हा मी अगदी तुमच्यासारखी होते, फिरायला जाऊन पिझ्झा खाणाऱ्यांची मला कीव यायची. वेटरला दोनदा विचारलं, काजू आहेत का, पिस्ते आहेत का, कुठलेही नट्स? तो नाही म्हणाला. खोटं बोलला असं मला आजही वाटत नाही. सॉस दाट करायला काजूची पेस्ट घातली होती, आणि एकदा वाटून सॉसमध्ये गेला की काजू आठवतो कुणाला.

तिसऱ्या-चौथ्या घासाला ती म्हणाली, "आई, जीभ टोचतेय." मग ओठ सुजायला लागला, मग मानेवर गांधी उठल्या. अ‍ॅड्रेनलिनच्या इंजेक्शनचं पेन, जोराची रिअ‍ॅक्शन आली की मांडीत द्यायचं ते, माझ्या पर्समध्ये होतं, तिच्या वजनाला लागतं ते ०.१५ मिलिग्रॅमचं, कसं द्यायचं ते मला शिकवलेलं होतं. आणि मी काय केलं, तर अ‍ॅलर्जीचं सिरप पाजलं आणि घड्याळाकडे बघत बसले. शेजारच्या टेबलवरचे लोक बघत होते. पेन म्हणजे अगदी शेवटचा उपाय असं माझ्या डोक्यात बसलेलं, ते दिलं की हॉस्पिटल आलंच, आणि पुढचे चार दिवस गेले. हो, ट्रिप बिघडेल हा विचार माझ्या मनात आला होता. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

तिला उलटी झाली, मग खोकला सुरू झाला, आणि मग तिचा आवाज बदलला, घोगरा, म्हाताऱ्या माणसासारखा. नवऱ्याने माझ्या हातातून पर्स ओढली आणि लेगिंग्जवरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला पेन दाबलं. सिरप पाजल्यापासून अकरा मिनिटं झाली होती. मी मोजत होते ना.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टर रागावल्या नाहीत, त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या की सिरपने खाज कमी होते, श्वास मोकळा होत नाही, अशा वेळी आधी अ‍ॅड्रेनलिन. रिअ‍ॅक्शन काही तासांनी परत उलटू शकते म्हणून रात्रभर ठेवून घेतलं. नाही उलटली. सकाळी उठून तिने विचारलं, "माझ्यामुळे फिरायचं राहिलं का?"

त्यानंतरच्या ट्रिपपासून पिझ्झा.

साध्या पिझ्झाच्या दुकानात बहुतेक वेळा काउंटरच्या पलीकडे सगळं डोळ्यांसमोर चालतं. मार्गारिटा घेतला तर मैदा, पाणी, मीठ, यीस्ट, वर टोमॅटो, चीज, बेसिल, तेल, संपलं. लपायला जागा कमी. आणि तो कुठेही गेलं तरी साधारण तोच असतो, आमच्यासाठी हे फार मोठं आहे. तुम्हाला ट्रिपमध्ये नवीन चव हवी असते, मला तिथे एक तास घाबरल्याशिवाय बसायचं असतं.

आता तुम्ही म्हणाल, पिझ्झा म्हणजे सेफ का? नाही. पेस्टोत, म्हणजे बेसिलच्या हिरव्या सॉसमध्ये, पाइन नट्स असतात आणि बाटलीतल्या पेस्टोत बऱ्याचदा काजूच. मॉर्टाडेला नावाच्या मांसात पिस्ते घालतात, पिझ्झावरही मॉर्टाडेला आणि पिस्ते जोडीने येतात, मेन्यूत दिसलं की आम्ही उठतो. पेस्टोवाला पिझ्झा ज्या कटरने कापला त्याच कटरने आमचा कापतात, म्हणून आम्ही न कापलेला मागतो आणि टेबलवर आपल्या सुरीने कापतो. ओव्हनमध्ये सरकवायचं लांब दांड्याचं फावडंही पुसून घ्या म्हणते, कधी ऐकतात, कधी तोंड वाकडं करतात. नेपल्सच्या पद्धतीच्या भट्टीत साडेचारशे डिग्रीच्या आसपास पिझ्झा दीड मिनिटाच्या आत भाजून निघतो, एवढ्या आचेत काजूचा काय त्रास राहणार असं मीच एकेकाळी म्हणायचे. पण काजू भाजल्याने अ‍ॅलर्जी जात नाही. म्हणजे माझा हिशोब पूर्ण बरोबर आहे असंही नाही.

नवरा म्हणतो युरोपियन युनियनमध्ये २०१४ च्या डिसेंबरपासून हॉटेलांनाही १४ अ‍ॅलर्जनची, म्हणजे अ‍ॅलर्जी होऊ शकणाऱ्या पदार्थांची, माहिती द्यावीच लागते, नट्स त्यात आहेत, निदान तिथे तरी मोकळेपणाने खाऊ. बरोबर आहे त्याचं. पण माहिती मेन्यूवर असते, आणि स्वयंपाकघरात एकच चमचा दोन पातेल्यांत जातो तो मला दिसत नाही.

मग वाटतं, मी वेटरवर विश्वास ठेवत नाही की त्या अकरा मिनिटांनंतर स्वतःवर? पेन उशिरा दिलं ते मी, आणि शिक्षा सगळ्या हॉटेलांना. हे मला कळतं. कळून पाय त्या दाराकडे वळत नाहीत.

ती आता अकराची आहे. मागच्या ट्रिपला काउंटरवर जाऊन तिने स्वतः विचारलं, कटर वेगळा आहे का, पेस्टो कुठे ठेवता, माझ्यापेक्षा शांतपणे. पेन तिच्याच बॅगेत होतं. आणि पिझ्झा येईपर्यंत समोरच्या हॉटेलबाहेर लावलेल्या मेन्यूचा फोटो काढून मला पाठवला, खाली लिहिलं, "उद्या?"

दुसऱ्या दिवशीही आम्ही पिझ्झाच खाल्ला. पण तो फोटो मी डिलीट केलेला नाही. काल परत झूम करून बघितला, सतरा पदार्थ आहेत, त्यातल्या सहांबद्दल विचारावं लागेल.