नवा जीसीसी बसला, पण प्रोग्रॅम जुन्याच दारात

आधी गोड बातमी: जीसीसी (सी++ कोडचा प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर) १३.२ सोर्समधून बांधून झाला! ऑप्टखाली वेगळ्या फोल्डरात, नावाला '-१३' शेपूट लावून. सिस्टमच्या जीसीसी ९ ला हातही लावलेला नाही. मागच्या वेळी कॉन्फिगर (बांधणीआधीची तपासणी) ३२-बिट फायलींवर अडलं होतं, ते मल्टिलिब (३२ आणि ६४-बिट दोन्हींसाठी बांधणं) बंद केल्यावर सुटलं. जीसीसीला लागणाऱ्या गणिताच्या लायब्रऱ्या जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी एकेक करून गोळा करत बसू नका. सोर्सच्या कॉन्ट्रिब फोल्डरातली स्क्रिप्ट सगळं आणून देते. कंपायलर स्वतःला तीनदा बांधतो, तेवढ्यात मी झोपून घेतलं. सकाळी दुसऱ्या-तिसऱ्या फेरीची तुलना जुळलेली दिसली आणि उगाच छाती फुगली.

मग माझा लॉगर (नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम). सगळा खटाटोप स्टड-फॉरमॅटसाठी (सी++ मधली मजकूर घडवायची सोय), जो ९ मध्ये नाहीच. कंपाइल पहिल्या झटक्यात. चालवला, तर म्हणे 'जीएलआयबीसीएक्सएक्स ३.४.३२ नॉट फाउंड'.

कारण कळायला वेळ लागला नाही. लिबस्टडसी++ (सी++ ची मूळ लायब्ररी; जीएलआयबीसीएक्सएक्स हे तिच्या आवृत्तीचं लेबल) च्या फाइलचं नाव २००४ सालच्या जीसीसी ३.४ पासून '.एसओ.६' असंच आहे. नाव एकच, माल वेगळा. लोडरला (प्रोग्रॅम सुरू होताना लायब्रऱ्या शोधून जोडणारा) सिस्टमची प्रत आधी सापडते आणि तिची मजल ३.४.२८ पर्यंतच. आयओस्ट्रीम (इनपुट-आउटपुटचं हेडर) इन्क्लूड केलं की १३.२ थेट ३.४.३२ मागतो.

एलडी लायब्ररी पाथ (लायब्रऱ्या कुठे शोधायच्या ते सांगणारं व्हेरिएबल) बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल) टाकला. टर्मिनलवर चालला, सर्व्हिस म्हणून पुन्हा आडवा. साहजिकच, सर्व्हिस चालवणारा सिस्टमडी माझी बॅशआरसी कशाला वाचेल? तो उपाय तात्पुरताच, कायमचा ठेवू नका.

खरा छळ पुढे. सीमेकमध्ये (बिल्डची मांडणी करणारं साधन) बिल्ड-आरपाथ (प्रोग्रॅममध्येच लिहिलेला लायब्रऱ्यांचा पत्ता) दिला. बिल्ड फोल्डरातून झकास चालतो, इन्स्टॉल केलेली प्रत त्याच एररने मरते. दोन संध्याकाळी लोडरला शिव्या घातल्या. शेवटी दोन्ही फायलींवर रीडएल्फ (प्रोग्रॅम फाइलचा आतला तपशील दाखवणारं साधन) चालवून आउटपुट शेजारी-शेजारी ठेवलं: एकीत 'रनपाथ'ची (म्हणजे त्याच आरपाथची) ओळ, दुसरीत तीच ओळ गायब. इन्स्टॉल करताना सीमेक बिल्डचा आरपाथ पुसून टाकतो! इन्स्टॉल-आरपाथ वेगळा द्यावा लागतो. एक ओळ वाढवली. काल रात्रीपासून सर्व्हिस बिनतक्रार सुरू आहे. (सीमेक पहिल्या खेपेचा कंपायलरही कॅशमध्ये धरून बसतो, नंतर कंपायलर सांगणारं व्हेरिएबल सीएक्सएक्स बदलून ढिम्म फरक पडत नाही. बिल्ड फोल्डर उडवा.)

अपडेट-अल्टरनेटिव्हज वापरून मूळ 'जीसीसी' नवीनकडे वळवा असं बरेच जण सांगतात. मी नाही वळवणार. कर्नल मॉड्यूल बांधताना कर्नलचाच कंपायलर हवा, तिथे नसती डोकेदुखी होते.

आता स्टॅटिक लिंक करून (लायब्ररी प्रोग्रॅममध्येच भरून) आरपाथची कटकटच संपवणार होतो. पण हे लिहिता लिहिता प्लगिन आठवले: मुख्य प्रोग्रॅममध्ये लायब्ररीची एक प्रत, प्रत्येक प्लगिनमध्ये आणखी एक, आणि एक्सेप्शन (चूक झाल्याचे इशारे) त्यांच्यामधून उड्या मारणार. नको रे बाबा. त्यापेक्षा १३ ची स्पेक्स फाइल (कंपायलरचे ठरलेले पर्याय) काढून तिच्या लिंकच्या ओळीतच आरपाथ घुसवला तर? मग प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं सांगायलाच नको. १४ बांधायचा बेत तूर्त मागे; ते पर्याय छापणाऱ्या डम्पस्पेक्सचं आउटपुट समोर उघडूनच बसलोय.