पोफळी आली की

स्वारगेटहून दुपारची गाडी. कंडक्टरनं डबल बेल दिली, गाडी फलाटावरून मागं सरकायला लागली आणि शेजारच्या मुलीचे ओठ हलू लागले. वीस-बाविसाची असेल. मांडीवर लॅपटॉपची बॅग, नखांना निळा रंग. कानात काही खुपसलेलं नव्हतं, म्हणजे गाणं नसावं. थोड्या वेळानं लक्षात आलं की ओठ ठरावीक अंतरानं मिटतायत. दर ओळीत एक 'पातु', म्हणजे 'रक्षण करो'. रामरक्षा! मी अजून सुरुवातीच्या ध्यानावरच रेंगाळत होते, ती कवचात, म्हणजे एकेका अवयवाचं रक्षण मागणाऱ्या श्लोकांत, शिरलीसुद्धा होती.

घरात दिव्यापाशी बसून मी रामरक्षा शेवटची कधी म्हटली, आठवत नाही. चाकं फिरली की मात्र आपोआप सुरू होते. मनातल्या मनात, ओठ न हलवता. मुंबईच्या लोकलमध्ये टाळ घेऊन चढणारी भजनी मंडळं मला आवडतात, उभ्या गर्दीत ठेका न सोडणं सोपं नाही. पण आपण असं चारचौघांत गावं, हे काही जमायचं नाही. आणि बसमध्ये मोबाइलवर मोठ्यानं स्तोत्र लावणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. देवाचं नाव असल्यामुळं आवाज कमी करा म्हणायचीही चोरी.

ही सवय आजीची. मे महिन्यात आम्ही चिपळूणहून कराडला मावशीकडे जायचो, लाल गाडीनं. खेर्डी, अलोरे, शिरगाव जाईपर्यंत आजी शेजारणीशी आंब्याच्या भावावर बोलत असे. पोफळी आली, ड्रायव्हरनं गिअर बदलला, गाडी कुंभार्ली घाटाला लागली की बोलणं अर्ध्यावर तोडून ती 'अस्य श्रीरामरक्षास्तोत्रमंत्रस्य' सुरू करायची. "आधीपासून का नाही म्हणत?" असं मी विचारलं होतं. म्हणाली, "सपाटीवर देवाला कशाला उठवायचं?"

कवच आलं की तिचा हात माझ्या अंगावरून फिरायचा. कपाळ, डोळे, कान, नाक. मला गाडी लागायची. 'नाभिं जाम्बवदाश्रयः'पाशी माझा चेहरा बघून ती न थांबता दुसऱ्या हातानं लिंबू पुढं करायची. हुंगायचं. तेवढ्यानं भागलं नाही तर आवळासुपारी. मग 'जानुनी सेतुकृत्पातु' म्हणत गुडघ्यावर टपली. गुडघे सेतू बांधणाऱ्याकडे सोपवायचे हे बुधकौशिक ऋषींना बरं सुचलं. स्तोत्रातच म्हटलंय की शंकरानं स्वप्नात सांगितलं आणि त्यांनी सकाळी उठून लिहून काढलं; म्हणजे श्रेय शंकराचं. माझ्या गुडघ्यांची आजची अवस्था पाहता हे खातं बांधकामवाल्याकडेच असलेलं बरं.

एकदा मला शंका आली. हे सगळं 'मे', 'मम'. माझं डोकं, माझे डोळे.

"आजी, ड्रायव्हरचं काय गं?"

"त्याचं त्याच्या घरचं कुणीतरी बघत असेल," ती म्हणाली. एका वळणानंतर तिलाच ते पटलं नसावं. "आणि पुढं आहे की, 'अग्रतः पथि सदैव गच्छताम्'. राम-लक्ष्मण वाटेत आपल्या पुढं चालतात. गाडीच्या पुढं चालले म्हणजे सगळेच आले त्यात."

त्यानंतर कितीतरी मे महिने मी पुढच्या काचेतून त्या दोघांना शोधत होते. धनुष्य ताणलेलं, हात बाणावर, असं वर्णन पाठ होतं. दिसायचे ते लाकडं भरलेले ट्रक, नाहीतर रस्ता न सोडणाऱ्या म्हशी. हेळवाक आलं की आजी पुन्हा आंब्यांवर.

आता मी नियम केलेत, कुणी विचारत नसलं तरी. मध्येच "तिकीट?" आलं आणि कवच सुरू झालेलं नसेल, तर जिथं सोडलं तिथून पुढं. कवचात असेन तर पुन्हा डोक्यापासून. कमरेपाशी तुटलेलं रक्षण घेऊन घाट कसा उतरायचा? कोकण रेल्वेत करबुड्याचा बोगदा आला की मात्र कुणी व्यत्यय आणत नाही. साडेसहा किलोमीटर काळोख, फोनची रेंज गेलेली, सगळा डबा आपसूक गप्प. विमानात थोडी पंचाईत होते. मी 'घ्राणं पातु'वर असते आणि समोर एअर होस्टेस नाकावर मास्क धरून दाखवत असते. कुणाकडे लक्ष द्यावं कळत नाही. रिक्षात तर अडतीस श्लोक पुरे होण्याआधी घर येतं. उरलेले लिफ्टमध्ये.

मुलगा हसतो. त्याला यातलं काही येत नाही, मी कधी बसवून शिकवलंही नाही. तो रोज दुचाकीवरून कामाला जातो, कात्रजच्या बोगद्यातून, त्या ट्रकांमधून. गाडीचा आवाज कोपऱ्यावरून वळला की मी ओट्याशी उभी राहून म्हणायला लागते. प्रवास त्याचा आणि म्हणताना शब्द 'मम' असेच. आजीला विचारायला हवं होतं, हे चालतं का. कवच संपतं, तो 'पथि'चा श्लोकही होतो, आणि मी तिथंच थांबते. 'पोहोचलो' असं फोनवर आल्याखेरीज पुढचं म्हणत नाही. तो बहुधा कळवायला विसरतो. मग जेवायच्या सुट्टीपर्यंत रामरक्षा तशीच अर्धी.