मोठ्याबाबांचा 71 चा फोटो आणि "बाइंडिंगला गेलंय"

23 सप्टेंबर 2023 ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा मोठीआईची लोखंडी पेटीपण भिजली. त्यात मोठ्याबाबांचं पेपरातलं कात्रण होतं, 71 च्या लढाईत ते पलटणीसोबत होते तेव्हा छापून आलेलं. त्याचा पार लगदा झाला. मोठीआई काही बोलली नाही पण आठवडाभर ती पेटी उन्हातून उचलू देईना, म्हणून म्हटलं शोधूनच आणतो.

तारीख कोणालाच माहीत नाही. दत्तजयंती झाली होती न संक्रांत यायची होती, तिला एवढंच आठवत होतं. लढाई 3 डिसेंबरला सुरू होऊन 16 ला ढाक्यात शरणागती झाली, म्हणजे चाळायचे दीडेक महिन्याचे अंक. लोकमत नागपुरात दैनिक झालं तेच 15 डिसेंबर 1971 ला, म्हणून मी तरुण भारतपासून सुरुवात करायचं ठरवलं.

आता जुने पेपर ठेवलेत ते ठिकाण. नाव नाही घेत. पहिल्या दिवशी अर्ज लिहा, कारण लिहा, आधारची झेरॉक्स जोडा. दुसऱ्या खेपेला साहेब सुट्टीवर. तिसऱ्या खेपेला सही झाली न बाबू म्हणाला, "डिसेंबर 71 बाइंडिंगला गेलंय." केव्हा गेलं? "माझ्या आधीपासून." मी म्हटलं भाऊ तुम्हाला इथं किती वर्षं झाली, तर म्हणे अकरा. अकरा वर्षं कोणता बाइंडर फाईल शिवत बसलाय? रजिस्टरात तसं लिहिलंय म्हणे, न रजिस्टर काही दाखवलं नाही. डोकं असं फिरलं की गाडी सीताबर्डीपर्यंत कशी आणली मला आठवत नाही. चौथ्यांदा मुद्दाम जेवणाच्या सुट्टीत गेलो, तेव्हा तिथले शिपाईकाका डबा बंद करत बोलले, "रॅक पाह्यला का कोणी?" कोणीच पाह्यला नव्हता! पाच मिनिटांत सापडली फाईल, पुठ्ठा निघालेली, 1970 च्या गठ्ठ्याखाली. बाबूला नेऊन दाखवली तर म्हणे "अच्छा, ही का."

फोटो जानेवारीच्या अंकात निघाला, आत, दोन बोटांएवढा. नावावर विसंबू नका, आमच्या इथं वडिलांचं आद्याक्षर चुकलेलं न गावाचंही भलतंच छापलेलं, चेहरे बघतच पानं उलटा. बोट थुंकीनं ओलं नका करू, कागदाचे तुकडे पडतात. मोबाईलनं काढायचा तर फ्लॅश बंद, खिडकीच्या उजेडात न थोडं लांबून, कारण पेपरातला जुना छापील फोटो म्हणजे नुसते ठिपके, जवळ गेलं की माणूस गायब. तारखेसकट अख्खं पान आधी घ्या. हां, न पेन्सिल न्या, पेन आत नेऊ देत नाहीत, माझ्या पहिल्या खेपेला त्यात पण अर्धा तास गेला.

घरी येऊन ॲपमध्ये साफ केला, खांद्याजवळ काळा डाग होता तो पुसला न मोठी प्रिंट काढून मोठीआईला दिली. तिनं चष्मा लावून लई वेळ पाह्यलं.

"हा आमच्या लग्नातला फोटो हाय. मीच नेऊन देल्ला होता पेपरवाल्याइले. इथं खांद्यापाशी माया पदर होता, तो कुठी गेला?"

मूळ फोटो डिलीट केला नव्हता हे नशीब. त्याच संध्याकाळी परत प्रिंट काढून आणली, डागासकट.