सौम्य ट्यून केलेल्या टर्बो गाडीला एएफआर गेज हवेच का?

गेल्या वर्षी माझ्या स्कोडा ऑक्टाव्हियाला स्टेज वन ट्यून (म्हणजे मोठे भाग न बदलता, मुख्यतः सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणे) करून घेतल्यापासून एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: "एएफआर गेज बसवलेस की नाही?" हे गेज म्हणजे इंजिनातल्या हवा-इंधनाचे प्रमाण दाखवणारा काटा. विचारणारे बहुतेक जण माझ्यापेक्षा जुने गाडीवेडे आहेत आणि त्यांचा प्रश्न काळजीपोटी असतो, म्हणून दोन शब्दांत उत्तर देऊन मोकळे होणे मला योग्य वाटत नाही. मी गेज बसवलेले नाही, आणि तो निर्णय गाडीतूनच काढलेल्या आकड्यांवरून घेतला आहे.

गाडी 2016 सालची 1.8 टीएसआय (1.8 लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन) आहे, आमच्याच छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली. मुळात ती 180 पीएस आणि 250 न्यूटन-मीटर टॉर्क देते. मी ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) मॅप बदलून घेतला, चांगला एअर फिल्टर टाकला आणि स्पार्क प्लग नवे बसवले, एवढेच. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा), इंजेक्टर, इंधनाचा पंप आणि कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) कंपनीचेच आहेत. सात गिअरचा डीक्यू200 गिअरबॉक्स 250 न्यूटन-मीटरच्याच हिशेबाने बनवलेला असल्यामुळे टॉर्क हात राखून वाढवा, असे ट्यूनरला आधीच बजावले होते. सौम्य बदल म्हणतो तो या अर्थाने.

एअर-फ्युएल रेशो म्हणजे हवा आणि इंधन यांचे वजनी प्रमाण. शुद्ध पेट्रोलसाठी पूर्ण ज्वलनाचे प्रमाण 14.7 ला 1 असते. त्यालाच लॅम्ब्डा 1 म्हणतात. टर्बो भरात असताना मिश्रण मुद्दाम रिच (इंधन जास्त) ठेवतात, साधारण लॅम्ब्डा 0.80 ते 0.90 च्या दरम्यान, कारण जादा इंधन बाष्प होताना उष्णता शोषून घेते आणि पिस्टन व टर्बो यांचे तापमान आटोक्यात राहते. अशा वेळी मिश्रण लीन (इंधन कमी) झाले, तर तापमान आणि नॉकिंग (इंधन अवेळी पेटून बसणारे ठोके) दोन्ही वाढतात, आणि पिस्टनची कड वितळायला फार वेळ लागत नाही. गेज बसवा असे सांगणाऱ्यांची भीती ही आहे आणि ती अगदी रास्त आहे.

मात्र या भीतीचा उगम जुन्या सेन्सरच्या काळात आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. बॉशचा लॅम्ब्डा सेन्सर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण ओळखणारा) 1976 साली व्होल्वोच्या गाडीत आला, तेव्हापासून पुढची कित्येक वर्षे गाड्यांना मिळाला तो नॅरोबँड प्रकार: मिश्रण 1 च्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढेच तो सांगे. किती अलीकडे, हे त्याला कळत नसे. म्हणजे पूर्ण थ्रॉटलवर 0.85 हवे असताना ईसीयू त्या बाबतीत आंधळा असे आणि केवळ पाठ केलेल्या तक्त्यावर इंधन देई. माझ्या एका मित्राकडे बाहेरून टर्बो बसवलेली जुनी होंडा सिटी व्हीटेक आहे, आणि त्या गाडीत वाइडबँड (नेमके प्रमाण मोजणारे) गेज नसते तर मी तिच्यात बसलोही नसतो. इंजेक्टर मोठे केले, टर्बो बदलला, वेगळा ईसीयू लावला किंवा बूस्टच्या (टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाच्या) सेन्सरला फसवणारा पिगीबॅक डबा जोडला, तर गेज आधी आणि बाकी सगळे नंतर, असेच मी कोणालाही सांगेन.

माझ्या इंजिनात कॅटच्या आधी कंपनीनेच वाइडबँड सेन्सर दिलेला आहे. ईसीयू पूर्ण थ्रॉटलवरसुद्धा तो वाचतो आणि इंधन कमी-जास्त करतो. शिवाय या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असून भोवती पाणी खेळते, त्यामुळे टर्बोकडे जाणारा वायू मुळातच थोडा थंड होऊन जातो आणि मिश्रण फार रिच करण्याची गरज कमी पडते. वेगळे गेज लावायचे, तर त्याचा सेन्सर वेल्डिंग करून टर्बो आणि कॅट यांच्यामधल्या अरुंद जागेत घालावा लागेल. कॅटच्या नंतर घातला तर कॅटने वायूची रचना बदललेली असते आणि आकडा विश्वासाचा राहत नाही. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला बारीक गळती असली किंवा एखादा सिलिंडर मिसफायर झाला (पेटलाच नाही), तरी शिल्लक ऑक्सिजनमुळे काटा लीन दाखवतो. आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दोन-तीन सेकंदांचाच असतो. त्या सेकंदांत नजर रस्त्यावर हवी, काट्यावर नव्हे.

आता माझ्या निर्णयामागचा प्रसंग सांगतो. मे महिन्यातल्या एका दुपारी मी आणि माझा मावसभाऊ समृद्धी महामार्गावर निघालो. बाहेर 41 अंश होते. व्हीसीडीएसची (ईसीयूतले आकडे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरची) केबल लावलेला लॅपटॉप त्याच्या मांडीवर होता आणि वेगमर्यादेत राहून मी तिसऱ्या गिअरमध्ये 2000 पासून 4500 आरपीएमपर्यंत गाडी तीन वेळा पूर्ण थ्रॉटलवर खेचली. ईसीयूने मागितलेला लॅम्ब्डा 0.88 होता आणि मिळालेला 0.87. इंधनाचा दाब मागितला तेवढाच मिळत होता. गेज असते तर त्याने सगळे झकास असल्याचेच सांगितले असते. पण लॉगच्या (नोंदींच्या) त्याच ओळीत पुढे पाहिले तर इनटेकची (इंजिनात जाणारी) हवा 63 अंश सेल्सिअसवर गेली होती आणि दुसऱ्या सिलिंडरचे इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) ईसीयू साडेचार अंश मागे घेत होता. म्हणजे नॉकिंग होऊ लागले होते आणि ईसीयू ते निमूटपणे आवरत होता. मिश्रणात तसूभरही चूक नसताना इंजिन त्रासात होते.

पुढच्या आठवड्यात टाकी जवळजवळ रिकामी करून 100 ऑक्टेनचे (नॉकिंगला सहज बळी न पडणारे) पेट्रोल भरले आणि त्याच पट्ट्यात, साधारण तेवढ्याच उन्हात, पुन्हा लॉग घेतला. टायमिंगची माघार एका अंशाच्या आत आली. लॅम्ब्डा होता तसाच होता. त्या दिवशी माझ्यापुरता हा वाद मिटला: या पातळीवरच्या ट्यूनमध्ये पहिला धोका उष्णता आणि ऑक्टेन यांचा आहे, आणि एएफआरचा काटा नेमके तेच दाखवत नाही.

ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) बद्दलही लिहिले पाहिजे, कारण गेज असणाऱ्यांची सर्वाधिक दिशाभूल इथे होते. इथेनॉलचे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण 9 ला 1 आहे, त्यामुळे 20 टक्के मिश्रणाचे ते 13.5 च्या आसपास येते. गेज मात्र लॅम्ब्डा मोजून त्याला 14.7 ने गुणते, म्हणून ई20 असतानाही पूर्ण ज्वलनाला ते 14.7 च दाखवते. आकडा चुकीचा, पण लॅम्ब्डा बरोबर. ज्यांच्याकडे गेज आहे त्यांनी ते लॅम्ब्डावर लावून ठेवावे. माझ्या गाडीत ई20 चा परिणाम लाँग टर्म फ्युएल ट्रिममध्ये (ईसीयूने शिकून कायम ठेवलेल्या इंधनाच्या दुरुस्तीत) दिसला: पूर्वी 2 टक्क्यांच्या आसपास असलेला आकडा 7 वर गेला, म्हणजे ईसीयू तेवढे जादा इंधन देऊन मिश्रण सांभाळत आहे. ट्यूनने पंपाची काही राखीव क्षमता आधीच खर्ची घातलेली असते, त्यात ही भर. म्हणून मी ट्रिम आणि इंधनाचा दाब यांवर सर्वांत जास्त लक्ष ठेवतो. ट्रिम 10 च्या वर गेला, तर पूर्ण थ्रॉटल बंद करून आधी कारण शोधायचे, असे ठरवले आहे.

दोन्ही लॉग मी ट्यूनरला पाठवले. त्याने 2500 ते 4000 आरपीएममधला बूस्ट थोडा उतरवला आणि हवा 50 अंशांच्या वर गेली की टायमिंग आधीच मागे येईल असा बदल केला. चालवताना फरक जाणवतो, पण फार नाही. गेज, सेन्सर आणि वेल्डिंग यांसाठी बाजूला ठेवलेले पैसे मोठ्या इंटरकूलरसाठी (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीसाठी) राखले आहेत; तो दिवाळीआधी बसेल आणि पुढच्या मे महिन्यात त्याच पट्ट्यात तिसरा लॉग घेईन.