मार्क सोळा, आठव्या वचनापर्यंत

गुरुवार, रात्री उशिरा

येत्या रविवारचा संदेश, म्हणजे चर्चमधलं प्रवचन, माझ्या गळ्यात पडलाय. पाळक व्हायचं शिकतेय, त्याचं सुट्टीतलं प्रॅक्टिकल म्हणून खानापूरकडच्या आमच्या मंडळीत आलेय, आल्या आल्या पाळक म्हणाले, मार्कच्या शुभवर्तमानाचा सोळावा अध्याय घे, पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत ईस्टरचेच दिवस की. मी हो म्हटलं.

आता मार्क सोळा म्हणजे काय भानगड आहे ते बीडी, म्हणजे धर्मशास्त्राची पदवी, करणाऱ्यांना विचारा. सिनायटिकस आणि वॅटिकनस, दोन्ही बायबलची चौथ्या शतकातली हस्तलिखितं, त्यांच्यात हे शुभवर्तमान आठव्या वचनालाच थांबतं. बायका पहाटे येशूच्या कबरेपाशी जातात, धोंडा बाजूला सारलेला, पांढऱ्या झग्यातला तरुण म्हणतो तो उठलाय, जा न शिष्यांना सांगा, आणि या बाया थरथर कापत पळून जातात, भीतीनं कुणाला काही सांगतच नाहीत. झालं, संपलं. पुढची नऊ ते वीस वचनं, ज्यात साप उचलायचं न विष पिऊनही काही होणार नाही वगैरे आहे, ती मागाहून कुणीतरी जोडली असं बहुतेक अभ्यासक मानतात. वर्गात हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझी मिझो रूममेट त्या दिवशी जेवली नाही. मी व्यवस्थित जेवले.

घरी सगळ्यांना काळजी हीच, की पोरगी फार शिकली तर विश्वास जाणार. आत्याचा तर ठरलेला डायलॉग, "शिक खरं डोक्यात जाऊ देऊ नको." तसं काही होत नाही ओ. पंचग्रंथ, म्हणजे बायबलातली पहिली पाच पुस्तकं, एकट्या मोशेनं बसून लिहिले नाहीत, यशयाच्या पुस्तकात एकाहून जास्त काळातले आवाज आहेत, हे कळल्यावर मला उलट बरंच वाटलं, इतक्या माणसांनी इतकी शतकं देवाशी भांडण चालू ठेवलं म्हणून.

झीज होते ती दुसरीकडनं. सकाळी चॅपलची ड्यूटी, मेसमध्ये जेवणाआधी प्रार्थना कुणाची पाळी, संध्याकाळी फेलोशिपमध्ये "आज कोण साक्ष देणार?" आणि देवानं या आठवड्यात काहीतरी केलेलं असायलाच पाहिजे, नाही केलं तर तोंड पाडून बसायचं किंवा मागच्या वर्षीचं काहीतरी झाडून पुसून सांगायचं. प्रीचिंगच्या क्लासला तर मागच्या बाकावर शीट भरत बसलेले असतात, आवाज, वेळ, नजर कुठं होती. लग्नातल्या आचाऱ्याची भूक वासानंच मरते म्हणतात, तसं होतं हळूहळू. देवाबद्दल दिवसभर बोलायचं आणि रात्री खाटेवर पडल्यावर त्याच्याशी बोलायला एक वाक्य नाही. याबद्दल आमच्यात कुणी बोलत नाही, शंका आली म्हणून सांगायला सगळ्यांना आवडतं (थोडं स्टायलिश पण वाटतं), कंटाळा आला म्हणून कोण सांगणार.

काल पाळकांच्या बरोबर घरभेटीला गेले. एक काकू, कंबरेचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या. पाळक म्हणाले तू कर. मी केली प्रार्थना, आधी स्तुती, मग आभार, मग मागणं, सगळं जागच्या जागी, करता करताच मला माझी शीट भरलेली दिसत होती. आमेन झालं तर काकू डोळे उघडून म्हणतात, "एवढीच व्हय?" पाळक हसायला लागले. मग त्यांनीच सुरू केली, त्यात त्यांचं हाड, धाकट्याचं दारू पिणं, वळीव कधी पडणार, आणि या पोरीला चांगलं स्थळ, सगळं. आता यावरून भोळा विश्वास खरा न पुस्तकी खोटा असं मी काही म्हणणार नाही, कारण याच काकू चहा पिताना सांगत होत्या की शेजारणीनं काहीतरी केलं म्हणून आपण पडलो, न टीव्हीवरच्या कुठल्याशा उपदेशकाला त्यांनी पेन्शनमधले पैसे पण पाठवलेत. खरं एक आहे, त्यांना कुणी मार्क देत नव्हतं.

बोनहोफर या जर्मन पाळकाचं फिंकनवाल्ड आठवत राहतंय. १९३५ ते १९३७, हिटलरच्या काळात चालवलेली सेमिनरी, म्हणजे पाळक घडवायची शाळा, शेवटी गेस्टापोनं बंद केली. तिथं पोरांना रोज अर्धा तास एका उताऱ्यापुढं गप्प बसायला लावायचे, आठवडाभर तोच उतारा, ग्रीक काढायचं नाही, टीकाग्रंथ उघडायचे नाहीत आणि मुख्य म्हणजे त्यातनं संदेश तयार करायचा नाही. पोरं वैतागली होती, कुणाला झोप यायची, कुणाला काय करायचं तेच कळेना. मला तर "संदेश तयार करायचा नाही" हे वाचूनच हेवा वाटला. माझ्याकडं वचन वाचलं की डोक्यात आपोआप तीन मुद्दे पडतात.

आणि आपले टिळक, म्हणजे कवी नारायण वामन टिळक. १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, पुढं मिशनचं काम केलं, आणि १९१७ साली म्हातारपणाकडं झुकलेले असताना मिशनचा पगार सोडून साताऱ्याला देवाचा दरबार काढला, बाप्तिस्मा झालेले न न झालेले दोन्ही तिथं चालायचे. दोन वर्षांत गेले. दरवेळी त्यांचं धर्मांतर आणि कविता यावरच बोललं जातं, हे पगार सोडणं आमच्यासारख्यांनी जास्त वाचायला पाहिजे असं मला वाटतं. म्हणजे मी पण सोडणार असं नाही, अजून पगारच सुरू नाही, आणि घरी बाबांनी फीसाठी सोसायटीचं कर्ज काढलंय. पाळक व्हायचंच आहे मला. खरं प्रार्थना हेच काम असलं की प्रार्थना कुठं जाऊन करायची, हा प्रश्न कुठल्याच पेपरला येत नाही.

म्हणून त्या पळून गेलेल्या बाया मला आवडायला लागल्यात. त्यांना सगळ्यात मोठी बातमी मिळाली आणि त्या गप्प बसल्या, निदान मार्कनं त्यांना गप्प ठेवून वही मिटली. लगेच कुणी त्यांची साक्ष मागितली नाही. स्तोत्र ८८ पण असंच, शेवट अंधारातच होतो, आभार नाहीत न काही नाही, तरी ते कुणी पवित्र शास्त्रातनं काढून टाकलं नाही.

तर रविवारी आठव्या वचनापर्यंतच वाचणार. हस्तलिखितांचं पण सांगणार, साध्या भाषेत, आपल्या बायबलातच त्याची टीप असते, ती काय लोकांपासून लपवायची गोष्ट नाही. पाळकांना आज संध्याकाळी सांगितलं तर दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, बरं, खरं वीस मिनिटांच्या वर जाऊ नको, आणि दोन घरं कन्नडवाली येतात आता, त्यांच्यासाठी थोडं कन्नडमध्ये पण घे. कन्नड माझं बाजारापुरतं. उद्या सकाळी शेजारच्या मास्तरांकडं जाऊन बसते.