वापरलेल्या तेलावर उभा राहिलेला कारखाना

कच्च्या तेलाचा भाव चढला की परिचयातील माणसे आमचे अभिनंदन करतात. खनिज तेल महागले म्हणजे जैवइंधन बनवणाऱ्याची चांदी झाली, असा सर्वसाधारण समज आहे, आणि याच समजाने २००८ साली आमचा कारखाना बुडण्याच्या काठावर नेऊन ठेवला होता. त्याआधीची काही वर्षे मोठ्या स्वयंपाकघरांतून वापरलेले खाद्यतेल गोळा करण्यात आणि त्याचे बायोडिझेल करून विकण्यात सुरळीत गेली. त्यांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही.

तेव्हा आमच्याकडे ५०० लिटरची एकच रिअ‍ॅक्टर टाकी होती; तिच्यात तेल, मिथेनॉल हे अल्कोहोल आणि थोडा अल्कली तापवून ढवळले, की वर बायोडिझेल आणि खाली ग्लिसरीन वेगळे होते. भंगारातून घेतलेल्या त्या पोलादी टाकीच्या तळाला आम्ही मुद्दाम नरसाळ्यासारखा उतार करून घेतला होता, कारण खाली बसलेले ग्लिसरीन पूर्ण निथळले नाही, तर बायोडिझेलची पुढची पाण्याने धुलाई बिघडते. परंतु कारखान्याचे खरे हत्यार होते ती माझ्या भागीदाराची काचेची ब्युरेट, म्हणजे द्रावण मोजून थेंबाथेंबाने सोडणारी तोटीची नळी. येणाऱ्या प्रत्येक पिंपातले एक मिलिलिटर तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळून, त्यात रंग बदलून आम्ल संपल्याचे दाखवणाऱ्या फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब टाकून, लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात केलेले पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण ते थेंबाथेंबाने सोडत, आणि गुलाबी छटा टिकेपर्यंत त्यांची नजर हलत नसे. त्यासाठी जितके जास्त द्रावण लागेल, तितके तेलात आम्ल जास्त. अतिवापराने मुक्त मेदाम्ले (तेल तुटून सुटी झालेली आम्ले) वाढलेले तेल तसेच रिअ‍ॅक्टरमध्ये गेले की इंधनाऐवजी साबण हाती येतो, हे या व्यवसायातल्या कुणाला वेगळे सांगायला नको.

२००८ च्या जुलैमध्ये कच्चे तेल पिंपामागे १४७ डॉलरवर गेले. खाद्यतेलेही त्याच काळात भडकली होती, कारण जैवइंधनाची मागणी वाढल्यापासून हे दोन्ही बाजार एकमेकांना बांधले गेले आहेत. भाव आणखी चढणार या खात्रीने मी उधारीवर वापरलेले खाद्यतेल उचलले आणि भाड्याच्या टाक्यांसह सगळ्या टाक्या काठोकाठ भरल्या. भागीदार मला म्हणाले होते, "साठा करू नका. आपण तेलाचे व्यापारी नाही, आपण तेलाचे रूपांतर करणारे आहोत." मी ऐकले नाही. डिसेंबरपर्यंत कच्चे तेल ४० डॉलरच्याही खाली आले. डिझेल स्वस्त झाले तसे आमच्या इंधनाला जुना दर देणारा कुणी उरला नाही, आणि टाक्यांतले तेल मात्र जुलैच्या भावाचे होते. जोडउत्पन्न म्हणून धरलेल्या ग्लिसरीननेही आधार दिला नाही. जगभर बायोडिझेलचे कारखाने निघाल्यामुळे कच्च्या ग्लिसरीनचा इतका पूर आला होता की ते फुकट नेणाराही शोधावा लागे. त्या हिवाळ्यात मी आमची नवी पंपजोडी विकली, कामगारांचे तीन महिन्यांचे पगार थकवले आणि भागीदारांना त्यांचा हिस्सा परत देऊ शकलो नाही. ते निघून गेले. जाताना ब्युरेट मात्र टेबलावर ठेवून गेले.

त्या काळात एकच ग्राहक टिकला. मालवाहतुकीचा व्यवसाय करणाऱ्या या गृहस्थांना आम्ही सगळे काका म्हणतो. त्यांनी पहिल्यांदा आमचे इंधन भरले, तेव्हा पंधरा दिवसांत त्यांच्या गाड्यांचे फिल्टर तुंबले. बायोडिझेल जुन्या टाकीतला साचलेला गाळ सोडवते आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो, हे समजावून सांगायला मी गेलो, तर काकांनी नवे फिल्टर आधीच मागवले होते. मंदीतही ते २० टक्के मिश्रण घेत राहिले. शुद्ध बायोडिझेलमधून लिटरमागे ऊर्जा खनिज डिझेलपेक्षा सुमारे ८ टक्के कमी मिळते, हा हिशेब त्यांनी स्वतः वहीत मांडला होता, आणि त्यानुसार ठरवलेला दर मला कधी अन्याय्य वाटला नाही.

त्यानंतर आमच्याच पट्ट्यात एक मोठा कारखाना उभा राहिला, आणि त्याविषयीची खंत अजून गेलेली नाही. २०११ ते २०१३ या काळात कच्चे तेल १०० डॉलरच्या वर स्थिरावले होते. त्या आधारावर त्यांनी आगाऊ पैसे देऊन, आम्ही वर्षानुवर्षे जोडलेली स्वयंपाकघरे एकामागून एक उचलली. स्पर्धेबद्दल माझी तक्रार नाही. परंतु क्षमतेपेक्षा जास्त माल काढण्याच्या घाईत त्यांनी नीट न धुतलेले, मिथेनॉल आणि साबणाचा अंश राहिलेले इंधन बाजारात सोडले. पंपांचे रबरी सील खराब झाले, इंजेक्टर बिघडले आणि बदनाम झाले ते सगळेच बायोडिझेल. २०१४ च्या उत्तरार्धात भाव कोसळू लागले, २०१६ च्या जानेवारीत ते ३० डॉलरखाली गेले, आणि तो कारखाना तेल पुरवणाऱ्यांची देणी न चुकवता बंद झाला. त्या पुरवठादारांचा विश्वास परत मिळवण्यात माझी दोन वर्षे गेली.

या धंद्यात उतरू पाहणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की कच्च्या तेलाच्या भावावर प्रकल्प उभा करू नये. आमच्या खर्चातला जवळपास तीन चतुर्थांश वाटा वापरलेल्या खाद्यतेलाच्या खरेदीचा असतो. मिथेनॉल मुख्यतः नैसर्गिक वायूपासून बनते, त्यामुळे इंधन महागले की तेही महागते. पाहायचे असते ते डिझेलचा दर आणि तेलाचा खरेदी दर यांतले अंतर, आणि हे अंतर कच्चे तेल ६० डॉलरवर असतानाही चांगले असू शकते, तर १२० वर असतानाही शून्य. पडीक जमिनीवर मोगली एरंड (जट्रोफा) लावून स्वस्त तेल मिळेल, असे सांगणारेही आमच्याकडे येऊन गेले. ते झुडूप पडीक जमिनीवर जगते हे खरे, पण तिथे बी भरघोस धरत नाही.

२०२० च्या एप्रिलमध्ये अमेरिकी कच्च्या तेलाचा वायदा उणे ३७ डॉलरवर गेला, तेव्हा स्वयंपाकघरेच बंद असल्यामुळे आमच्याकडे तेलही आले नाही. रिअ‍ॅक्टर कित्येक आठवडे कोरडा राहिला. २०२२ च्या मार्चमध्ये भाव पुन्हा उसळले आणि अभिनंदनाचे फोन सुरू झाले. या वेळी मी एकही टाकी साठ्यासाठी भरली नाही. पुरवठादारांशी नवे करार केले, ज्यांत तेलाचा खरेदी दर त्या महिन्याच्या डिझेलच्या दराला बांधलेला आहे, म्हणजे चढउतार दोघांनीही वाटून घ्यायचा. करार मान्य करायला काही पुरवठादारांनी वेळ घेतला. काकांनी मात्र विक्रीचा दरही याच पद्धतीने बांधून घेतला. त्या करारातले पहिले पिंप आले, तेव्हा भागीदारांच्या ब्युरेटवर चाचणी मी स्वतः केली. गुलाबी छटा २.४ मिलिलिटरला टिकली. तेल घेण्याजोगे होते.